‘रोबो’ शब्दाची जन्मकथा व तींतील प्रमाद

‘रोबोट’ हा शब्द आतां मराठी घराला परका राहिलेला नाहीं. शाळेंत जाणारें मूलही तो सहज उच्चारतें. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो येतो. मोटारींच्या कारखान्यापासून शस्त्रक्रियेच्या दालनापर्यंत त्याचा संचार झालेला आहे. शेवटचा ‘ट’ गाळून मराठीनें त्याला ‘रोबो’ असें सुटसुटीत रूपही दिलें आहे, आणि ज्यांना परभाषेंतील शब्द रुचत नाहीं त्यांच्यासाठीं ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द तयारच आहे. एखादा शब्द इतका रुळला म्हणजे त्याच्या कुळाची चौकशी साहजिकच होऊं लागते. परंतु सोयरीक जुळवितांना कुळाची चौकशी जितक्या दक्षतेनें केली जाते, तितक्या दक्षतेनें ती शब्दांच्या बाबतींत होत नाहीं. कोणी एकानें सांगावें, दुसऱ्यानें तें उतरून घ्यावें, तिसऱ्यानें त्यास थोडें तिखटमीठ लावावें, आणि चवथ्यानें तेंच ग्रंथांत घालावें, असा क्रम चालतो.

या शब्दाविषयीं आणि त्याच्या भोंवतीं जमलेल्या विज्ञानकथांविषयीं चार विधानें वारंवार केलीं जातात. पहिलें असें कीं, हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककारानें बनविला. दुसरें, पहिल्याचें खंडन करणारें असें कीं, कारेलचा भाऊ योसेफ याच्या ‘ओपिलेत्स’ नांवाच्या लघुकथेंत तो शब्द १९१७ सालींच आलेला होता. तिसरें असें कीं, यंत्रमानवाच्या वर्तनाचे जे तीन प्रसिद्ध नियम आहेत, ते आयझॅक आसिमॉव्ह या अमेरिकन लेखकाच्या अगदीं पहिल्या यंत्रमानवकथेपासून त्याच्या लेखनांत आहेत. चवथें असें कीं, यंत्रमानवाच्या शास्त्राला ‘रोबोटिक्स’ हें नांव त्याच लेखकानें १९४२ च्या एका कथेंत प्रथम दिलें. हीं चारही विधानें चूक आहेत. विशेष हें कीं, यांपैकीं एकाच्याही मुळाशीं दुष्ट हेतु नाहीं. एक आळसांतून, एक प्रेमांतून, एक पुस्तकावरील विश्वासांतून, आणि एक तर खुद्द लेखकाच्या स्मरणांतून जन्मास आलें आहे. म्हणूनच त्यांची तपासणी बोधप्रद ठरते.

प्रथम मूळ घटना पाहावी. कारेल चापेक याचें ‘आर. यू. आर.’ हें नाटक १९२० सालीं प्राग शहरीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालें, आणि २५ जानेवारी १९२१ रोजीं तेथील राष्ट्रीय नाट्यगृहांत त्याचा प्रयोग झाला. १९२२ च्या ऑक्टोबरांत तें न्यूयॉर्क येथें, आणि १९२३ सालीं लंडन येथें रंगभूमीवर आलें. नाटकाच्या नांवांतील तीन अक्षरें म्हणजे ‘रॉसमचे सार्वत्रिक रोबोट’ या कारखान्याच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. चेक भाषेंत ‘रोझुम’ म्हणजे बुद्धि. तेव्हां रॉसम हें नांवही नाटककारानें सहेतुक योजलेलें आहे. या कारखान्यांत माणसासारखे दिसणारे कामकरी घाऊक प्रमाणावर तयार होतात, जगभर विकले जातात, आणि शेवटीं आपल्या निर्मात्यांवर उलटतात.

येथें एक लहानसा परंतु फार पसरलेला प्रमाद आधींच दूर करणें इष्ट आहे. ‘यंत्रमानव’ म्हटल्याबरोबर पोलादी छाती, चक्रें आणि खटके यांनीं भरलेली आकृति डोळ्यांपुढें उभी राहते. चापेकच्या नाटकांतील रोबोट तसे नाहींत. ते रासायनिक द्रव्यांतून घडविलेले, मांसल, रक्त असलेले प्राणी आहेत. त्यांच्या अवयवांसाठीं हौद आहेत, आणि त्यांच्या शिरा व मज्जातंतु सुतासारखे कांतले जातात. यंत्रासारखा आहे तो त्यांच्या निर्मितीचा कारखाना. ते स्वतः यंत्रें नव्हेत. मराठींत रूढ झालेला ‘यंत्रमानव’ हा शब्द पुढील काळांतील धातूच्या रोबोटास शोभतो; मूळच्या रोबोटास तो लागू पडत नाहीं.

मूळ शब्दाचा अर्थ मराठी माणसास मात्र फोड करून सांगण्याची गरज नाहीं. चेक भाषेंत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळानें ठराविक दिवस मजुरीवांचून राबावें, ही पद्धति बोहेमियांत शतकानुशतकें चालत आली होती, आणि १८४८ सालीं ती कायद्यानें बंद झाली. स्वतःचें शेत तसेंच टाकून दुसऱ्याच्या बांधावर घाम गाळणारा, ज्याच्या श्रमाला दाम नाहीं व ज्याच्या इच्छेला विचारणारा कोणी नाहीं, असा जो वेठबिगार, तोच या शब्दाच्या पोटांत आहे. ‘यंत्रमानव’ या शब्दांत कौतुक आहे. ‘रोबोट’ या शब्दांत एका पिळलेल्या वर्गाची स्मृति आहे. शब्दाचें कूळ नीट न पाहिल्यास किती मोठा अर्थ हातचा निसटतो, याचें हें एक ठळक उदाहरण होय.

आतां पहिल्या विधानाकडे वळावें. नाटक कारेलचें, नाटकांत शब्द प्रथम छापलेला, तेव्हां शब्दही कारेलचाच, असें अनुमान लोकांनीं केलें, आणि कोशकारांनींही तें नोंदलें. हें अनुमान खोडून काढणारा मनुष्य दुसरा कोणी नसून स्वतः कारेल चापेकच होता. २४ डिसेंबर १९३३ रोजीं ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या वृत्तपत्रांत त्यानें या शब्दावर एक छोटासा लेख लिहिला. इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशांत या शब्दाची नोंद कशी झाली आहे याचा उल्लेख एका प्राध्यापकानें केला होता. त्यावरून आपल्याला एका जुन्या ऋणाची आठवण झाली, असें सांगून कारेलनें खरी हकीकत दिली. नाटकाची कल्पना सुचतांच तो तडक आपल्या भावाकडे गेला. योसेफ हा चित्रकार. तो चित्रफलकापुढें उभा राहून काम करीत होता आणि त्यानें एक कुंचला दातांत धरला होता. कल्पना ऐकून त्यानें फारसें कौतुक दाखविलें नाहीं. लिहून टाक, एवढेंच तो पुटपुटला. या कृत्रिम कामकऱ्यांना नांव काय द्यावें, ही कारेलची अडचण होती. लॅटिन भाषेंतील श्रमवाचक शब्दावरून ‘लाबोरि’ असें नांव त्याच्या मनांत आलें होतें, परंतु तें त्याला पुस्तकी वाटत होतें. तेव्हां योसेफनें तोंडांतील कुंचला न काढतांच ‘रोबोट’ असें सुचविलें, आणि तो पुन्हा चित्राकडे वळला.

या लेखाचें मोल मोठें आहे. त्या वेळीं कारेलचें नांव युरोप-अमेरिकेंत गाजत होतें. जगानें जो मान आपण होऊन दिला होता, तो मुकाट्यानें खिशांत टाकावयास कोणाची हरकत नव्हती. तरीही तेरा वर्षांनंतर त्यानें चारचौघांत उभें राहून सांगितलें कीं, हा मान आपला नव्हे, भावाचा आहे. असें असतां आजही प्रश्नपत्रिकांतून व ज्ञानाच्या स्पर्धांतून ‘रोबोट हा शब्द कोणीं बनविला?’ या प्रश्नास ‘कारेल चापेक’ हेंच उत्तर बरोबर धरलें जातें. खुद्द लेखकानें नाकारलेली गोष्ट त्याच्याच पदरीं बांधण्याचा हा प्रकार केवळ आळसाचा आहे.

दुसरें विधान यापेक्षां अधिक विचार करण्यासारखें आहे, कारण तें पहिली चूक सुधारण्याच्या भरांत झालेलें आहे. कारेलची साक्ष वाचलेल्या कोणास तरी वाटलें असावें कीं, शब्द योसेफचा असेल तर तो त्याच्या लेखनांत आधीं कोठें तरी सांपडला पाहिजे. योसेफ हा चित्रकार तर होताच, पण लेखकही होता. १९१७ सालीं त्याचा ‘लेलिओ’ नांवाचा कथासंग्रह निघाला, आणि त्यांत ‘ओपिलेत्स’, म्हणजे ‘मद्यपी’, ही कथा आहे. या कथेंत कृत्रिम माणसाचा विषय आलेला आहे. तेव्हां ‘रोबोट’ शब्दाचा प्रथम उपयोग याच कथेंत झाला, असें विधान पुढें आलें, आणि मोठमोठ्या ग्रंथकारांनीं तें उचललें. योसेफला न्याय मिळाल्याचें समाधान त्यांत होतें. परंतु कथा उघडून पाहिली असतां तेथें ‘रोबोट’ हा शब्दच नाहीं. तेथें जो शब्द आहे तो ‘ऑटोमाट’, म्हणजे स्वयंचलित यंत्र. चापेक बंधूंच्या स्मरणार्थ प्राग येथें स्थापन झालेल्या संस्थेनेंही असाच निर्वाळा दिलेला आहे.

हा प्रमाद कल्पना आणि शब्द यांची गल्लत केल्यामुळें झाला. कृत्रिम अथवा यंत्रवत् मनुष्याची कल्पना दोघां भावांच्या मनांत पुष्कळ आधींपासून घोळत होती यांत शंका नाहीं. १९०८ सालीं दोघांनीं मिळून लिहिलेल्या ‘सिस्टेम’ या कथेंत एक कारखानदार कामकऱ्यांच्या सर्व भावना मारून त्यांना केवळ काम करणारीं साधनें बनवितो, असा विषय आहे. म्हणजे ‘आर. यू. आर.’ नाटकाचें बीज बारा वर्षांपूर्वीच पेरलेलें होतें. ‘ओपिलेत्स’ ही त्याच मार्गावरील एक पायरी. परंतु बीज सांपडलें म्हणून फळाचें नांवही तेथेंच सांपडलें, असें म्हणतां येत नाहीं. योसेफचा हक्क कारेलच्या साक्षीनें सिद्ध आहे. त्याला ‘ओपिलेत्स’ कथेचा खोटा आधार देण्याचें कारण नव्हतें. उलट, तसा आधार दिल्यामुळें, ती कथा उघडून पाहणाऱ्याच्या मनांत मूळच्या खऱ्या हक्काविषयींही संशय उत्पन्न होतो. खऱ्या दाव्याला खोटा साक्षीदार उभा केला म्हणजे दावाच दुबळा होतो, हें कोर्टकचेरीच्या व्यवहारांत जसें, तसेंच इतिहासांतही खरें आहे.

कल्पनेचा इतिहास पाहूं गेल्यास तो चापेक बंधूंच्याही मागें जातो. जर्मन लेखक हॉफमान याच्या १८१६ च्या ‘वाळूवाला’ या कथेंत ऑलिंपिया नांवाची कळसूत्री तरुणी आहे, व एक विद्यार्थी ती खरी समजून तिच्यावर प्रेम करितो. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स याच्या ‘मॉक्सनचा धनी’ या कथेंत बुद्धिबळें खेळणारें एक यंत्र डाव हरल्यावर आपल्या कर्त्याचाच प्राण घेतें. या दुसऱ्या कथेच्या तारखेविषयींही एक प्रमाद प्रचलित आहे. बिअर्सच्या ज्या कथासंग्रहांत ती सांपडते, त्याची पहिली आवृत्ति १८९३ ची. म्हणून कथाही १८९३ ची, असें अनेकांनीं लिहिलें. परंतु पहिल्या आवृत्तींत ही कथा नव्हतीच. ती सॅन फ्रान्सिस्को येथील ‘एक्झॅमिनर’ या वृत्तपत्रांत १६ एप्रिल १८९९ रोजीं प्रथम छापली गेली, आणि त्या संग्रहांत तिचा समावेश झाला तो पुढें समग्र ग्रंथांच्या आवृत्तीच्या वेळीं. पुस्तकाचें नांव एक राहिलें, आंतील मजकूर बदलला, आणि मुखपृष्ठाच्या आधारें तारीख देणाऱ्यांची फसगत झाली. हीच गोष्ट आसिमॉव्हच्या कथांच्या बाबतींत अधिक मोठ्या प्रमाणावर घडली.

शब्द युरोपांत जन्मला, पण तो वाढला अमेरिकेंतील मासिकांत. १९२६ च्या एप्रिलमध्यें ह्यूगो गर्न्सबॅक यानें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें मासिक काढलें, आणि त्याच्या मागून तशीं अनेक निघालीं. लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर तीं छापलीं जात. हा कागद थोड्याच वर्षांत पिवळा पडतो आणि बोट लागतांच तुटूं लागतो. वाचून झालें कीं अंक रद्दींत जाई. त्यामुळें या कथांचीं मूळ रूपें पुष्कळ वाचकांच्या कधीं दृष्टीसही पडलीं नाहींत. त्यांच्या हातीं आलीं तीं पुढें निघालेलीं पुस्तकें. पुस्तक हेंच मूळ, अशी समजूत होण्याचें कारण हेंच होय.

याच मासिकाच्या जानेवारी १९३९ च्या अंकांत ‘आय, रोबोट’, म्हणजे ‘मी रोबोट’, या नांवाची एक कथा आली. लेखकाचें नांव छापलें होतें ईअँडो बाइंडर. हें एका मनुष्याचें नांव नव्हे. अर्ल आणि ऑटो बाइंडर या दोन भावांच्या नांवांचीं आद्याक्षरें जोडून तें बनविलें होतें. योगायोग असा कीं, येथेंही दोन भावांचीच जोडी आहे. अ‍ॅडम लिंक नांवाचा रोबोट स्वतः आपली हकीकत सांगतो, आणि आपल्या निर्मात्याच्या खुनाचा आळ त्याच्यावर आलेला आहे, असा या कथेचा विषय. रोबोट म्हणजे राक्षसच, अशी जी चाल पडली होती, ती या कथेनें मोडली. एक महिना आधीं, डिसेंबर १९३८ मध्यें, लेस्टर डेल रे याच्या ‘हेलन ओलॉय’ या कथेनेंही तेंच केलें होतें. तेव्हां प्रेमळ व विश्वासू रोबोट प्रथम आसिमॉव्हनें निर्माण केला, हें म्हणणें टिकत नाहीं. तसा दावा त्यानें स्वतःही केला नाहीं. बाइंडरच्या कथेचा आपल्यावर परिणाम झाल्याचें त्यानें मोकळेपणानें सांगितलें आहे.

आसिमॉव्हच्या कथांचा संग्रह १९५० च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या नोम प्रेसनें काढला, तेव्हां त्याला ‘आय, रोबोट’ हेंच नांव मिळालें. हें नांव लेखकाच्या मनांत नव्हतें. ‘माइंड अँड आयर्न’, म्हणजे ‘मन आणि लोखंड’, असें नांव त्यानें योजिलें होतें. बाइंडरनें हें नांव आधींच वापरलें आहे, हा त्याचा आक्षेप प्रकाशकानें मानला नाहीं. परिणाम असा झाला कीं, १९६४ सालीं अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर बाइंडरच्या कथेवरून ‘आय, रोबोट’ हें नाट्य दाखविलें गेलें, तेंही कित्येक लोक आसिमॉव्हचेंच समजतात. आणि २००४ सालीं त्याच नांवाचा जो बोलपट निघाला, त्याचा मूळ लेख ‘हार्डवायर्ड’ या नांवाचा एक स्वतंत्र लेख होता. आसिमॉव्हचें नांव व नियम त्याला मागाहून जोडले गेले. एका नांवाखालीं अशा तीन निरनिराळ्या वस्तु वावरत आहेत.

आतां तिसऱ्या विधानाकडे यावें. आसिमॉव्हनें आपली पहिली यंत्रमानवकथा १९३९ सालीं लिहिली. ग्लोरिया नांवाच्या लहान मुलीला सांभाळणारा रॉबी हा मुका रोबोट, मुलीचा त्याच्यावरील जीव, आणि यंत्राच्या हातीं मूल सोपविण्यास आईचा विरोध, असा तिचा घरगुती विषय आहे. ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ मासिकाचा संपादक जॉन कॅम्बेल यानें ती परत केली. पुढें फ्रेडरिक पोल यानें ती ‘सुपर सायन्स स्टोरीज’ या मासिकाच्या सप्टेंबर १९४० च्या अंकांत घेतली, आणि तिचें नांव बदलून ‘विचित्र खेळगडी’ अशा अर्थाचें केलें. लेखकाला हें नांव आवडलें नाहीं. पुस्तकांत त्यानें पुन्हा ‘रॉबी’ हें नांव दिलें.

पुस्तकांतील ‘रॉबी’ वाचणाऱ्यास असें आढळतें कीं, मुलीचा बाप तिच्या आईची समजूत घालतांना पहिल्या नियमाचा हवाला देतो: रोबोटानें मनुष्यास इजा करावयाची नाहीं, या बंधनामुळें मूल सुरक्षित आहे. पुढें सुसान कॅल्व्हिन ही पात्रही एका प्रसंगीं ओझरती दिसते. कथा १९४० ची, तींत पहिला नियम आहे, म्हणून नियम १९४० पासून आहे, असें अनुमान वाचकानें केल्यास त्याचा दोष काय? परंतु मासिकांतील मूळ कथेंत नियमाचें नांवही नाहीं आणि सुसान कॅल्व्हिनही नाहीं. पुस्तकांतील नऊ कथांना एका सूत्रांत ओंवण्यासाठीं लेखकानें हा मजकूर १९५० सालीं मागाहून घातला. त्यांत गैर कांहीं नाहीं. आपली कथा सुधारण्याचा लेखकास पूर्ण अधिकार आहे. फक्त सुधारलेल्या कथेवर जुनी तारीख घालून तिचा पुराव्यासारखा उपयोग करण्याचा अधिकार मात्र वाचकास नाहीं.

नियमांचा खरा क्रम मासिकांचे अंक ओळीनें लावले म्हणजे स्पष्ट होतो. २३ डिसेंबर १९४० रोजीं आसिमॉव्ह एका नव्या कथेची कल्पना घेऊन कॅम्बेलकडे गेला. दुसऱ्याच्या मनांतील विचार ओळखणारा रोबोट, ही ती कल्पना. त्या बोलण्यांत तिन्ही नियमांची मांडणी झाली. ती कथा ‘लायर!’, म्हणजे ‘लबाड!’, या नांवानें मे १९४१ च्या अंकांत आली. मनुष्यास इजा करूं नये हें बंधन तींत आहे, आणि कथेची सारी खुबी त्याच्याच अर्थावर उभी आहे: मन दुखावणें हीदेखील इजाच, तेव्हां मनें वाचणारा रोबोट कोणाचेंही मन दुखवूं नये म्हणून ज्याला जें आवडेल तें खोटें सांगत सुटतो. सुसान कॅल्व्हिनही प्रथम येथेंच भेटते. तिन्ही नियम क्रमानें व स्पष्ट शब्दांत आले ते मात्र मार्च १९४२ च्या ‘रनअराउंड’ या कथेंत. बुध ग्रहावर एक रोबोट आज्ञापालन आणि आत्मरक्षण या दोन नियमांच्या ओढाताणींत सांपडून घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राहतो, असा तिचा विषय आहे. म्हणजे प्रथम नियमरहित ‘रॉबी’, मग एका नियमावर आधारलेली ‘लायर!’, आणि शेवटीं तिन्ही नियम सांगणारी ‘रनअराउंड’, अशी ही चढती श्रेणी आहे. पुस्तक वाचणाऱ्यास ही वाढ दिसत नाहीं; त्याला सर्व कांहीं पहिल्या दिवसापासून पूर्ण झालेलें दिसतें.

चवथा प्रमाद सर्वांत विलक्षण आहे. ‘रोबोटिक्स’ हा शब्द आपण ‘रनअराउंड’ या कथेंत प्रथम वापरला, असें आसिमॉव्हनें स्वतः निरनिराळ्या ठिकाणीं लिहून ठेवलें आहे. नवा शब्द बनवीत आहों याची त्याला त्या वेळीं जाणीवही नव्हती. यामिकीसारख्या शास्त्रांचीं नांवें इंग्रजींत ज्या धर्तीवर होतात, त्याच धर्तीवर हेंही नांव आधींपासून असेलच, असें तो धरून चालला होता. परंतु हाच शब्द दहा महिने आधींच्या ‘लायर!’ कथेंत छापलेला आहे, आणि ऑक्सफर्ड कोशानें प्रथम उपयोगाचा दाखला म्हणून तीच कथा दिली आहे. ज्यानें शब्द बनविला त्यालाच त्याची जन्मतारीख नीट आठवली नाहीं. आईनें सांगितलेल्या तारखेपेक्षां नोंदवहींतील तारीख अधिक खरी निघावी, त्यांतलाच हा प्रकार.

येथें एक शंका निघण्यासारखी आहे. आसिमॉव्हचें स्मरण अग्राह्य, तर तेरा वर्षांनंतर सांगितलेली कारेल चापेकची आठवण ग्राह्य कशी? याचें उत्तर असें कीं, साक्षीदाराची परीक्षा सर्वत्र एकाच कसोटीनें करावयाची असते. आसिमॉव्हची आठवण छापील पुराव्याच्या विरुद्ध जाते. कारेलच्या आठवणीविरुद्ध कोणताही छापील पुरावा नाहीं. कारेलची साक्ष त्याच्या स्वतःच्या लाभाच्या विरुद्ध आहे, आणि ती योसेफ हयात असतांना, दोघांना ओळखणाऱ्या लोकांसमोर, त्यांच्याच भाषेंतील वृत्तपत्रांत दिलेली आहे. अशी साक्ष न मानण्यास कारण लागतें, आणि तसें कारण आजवर पुढें आलेलें नाहीं.

तीन नियमांच्या कर्तृत्वाची गोष्टही अशीच मनोरंजक आहे. आसिमॉव्ह म्हणे, ते नियम कॅम्बेलचे. कॅम्बेल म्हणे, ते आसिमॉव्हच्या कथांत आधींच गर्भित होते, आपण फक्त ते शब्दांत मांडून दाखविले. दोघांचा स्नेही रँडल गॅरेट याचें मत असें पडलें कीं, ते दोघांच्या सहकार्याचें फळ होय. जेथें दोघेही मान दुसऱ्याकडे सारतात, तेथें एकाचेंच नांव लावण्याची घाई इतरांनीं कां करावी? शिवाय पुस्तकाच्या आरंभीं हे नियम इ. स. २०५८ मधील एका शास्त्रग्रंथाच्या छप्पनाव्या आवृत्तींतून घेतल्याचें छापलें आहे. तो ग्रंथ सर्वस्वीं काल्पनिक असून तें मूळ मासिकांतील कथांचें अंग नव्हे, पुस्तकाच्या वेळची सजावट आहे, हें वाचकानें ध्यानांत ठेवावें.

कोणी म्हणेल, दहा महिन्यांच्या फरकानें आणि एका शब्दाच्या मालकीनें जगाचें काय बिघडलें? व्यवहाराचें कांहीं बिघडत नाहीं, हें खरें. परंतु लेखकाजवळ ठेवण्यासारखी जी मिळकत असते, ती एवढीच. योसेफ चापेकच्या बाबतींत तर हें अधिकच जाणवतें. कारेल १९३८ च्या नाताळांत न्यूमोनियानें वारला. १९३९ च्या सप्टेंबरांत, महायुद्धाच्या पहिल्याच दिवशीं, योसेफला जर्मनांनीं पकडलें. एकामागून एक बंदिछावण्या भोगून १९४५ च्या एप्रिलमध्यें बेर्गेन-बेल्सेन येथें तो मरण पावला. त्याच्या मृत्यूची नक्की तारीखही ठाऊक नाहीं. ज्या माणसानें जगाला वेठीवरून एक शब्द दिला, त्याला स्वतःला सक्तीच्या श्रमांच्या राज्यांत शेवट पाहावा लागला. त्याच्या नांवावर हा एक शब्द बिनचूक लिहिला जावा, एवढी अपेक्षा फार मोठी नाहीं.

हें करण्यासाठीं मोठ्या विद्वत्तेची जरूरी नाहीं. कथेची तारीख देतांना पुस्तकाच्या मुखपृष्ठावर न थांबतां ती प्रथम कोठें छापली गेली तें पाहावें. कल्पना जुनी म्हणून शब्दही जुना असें धरूं नये. एखाद्या कथेंत अमुक शब्द आहे असें लिहिण्यापूर्वी ती कथा एकदां उघडावी. आणि लेखकाचे स्वतःचे शब्दही छापील पानाशीं ताडून पाहावे. सुधारणा करणारानें तर दुप्पट सावध असावें, कारण चुकीच्या जागीं बसलेली दुसरी चूक पहिलीपेक्षां अधिक विश्वासार्ह वाटते. कारेल चापेकनें आपल्या छोट्या लेखांत याचा उत्तम कित्ता घालून दिला आहे. भावाचें जेवढें देणें होतें तेवढेंच त्यानें फेडलें: नाटक आपलें, शब्द त्याचा. त्यांत त्यानें रतीभर कमी केलें नाहीं, आणि प्रेमापोटीं रतीभर वाढविलेंही नाहीं.